माशी

चाळिशी लागली ती जवळपास वेळेवरच, बेचाळिसाव्या वर्षी. पेपर हातभर लांब धरून वाचायला लागलो, त्याचं काही वाटलं नाही. वरळीच्या रेंजवर एका रविवारी पिस्तुलाची माशी पुसट दिसली, तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा चौकोनी खुंट. मागे खाच. खाचेच्या मधोमध माशी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, माथे एका पातळीत. ताडकळसच्या रानात ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो, तिथे असला हिशोब नव्हता; धोंडा थव्याच्या आसपास पडला तरी पाखरं उठत. परभणीच्या उरुसात छऱ्याची बंदूक हाती आली तेव्हाही नजर फुग्यावरच. (त्या बंदुकांच्या नळ्या मुद्दाम वाकवलेल्या असतात, हा संशय अजून गेलेला नाही.) नोकरीपायी मुंबईला गेलो आणि तिथल्या एका ज्येष्ठ नेमबाजानं ही खोड मोडली. म्हणाले, "अर्जुनाची गोष्ट विसरा. पाखराचा डोळा नाही, बाणाचं टोक बघायचं."

त्यांचं खरं होतं. अख्खा हात एक मिलिमीटर सरकला तर छर्राही तेवढाच सरकतो. पण खाच आणि माशी यांच्यात जेमतेम फूटभर अंतर. तिथे माशी एक मिलिमीटर कलली की १० मीटरवर तीन सेंटीमीटरची चूक. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. म्हणजे छर्रा थेट कागदावरच्या काळ्या गोलाच्या बाहेर.

पिस्तूल माझं जुनं, जर्मन, फाइनवेर्कबाऊ ६५. बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची. छर्रा सुटताना वरचा भाग रुळावरून मागे सरकतो आणि हाताला धक्का जाणवत नाही. नव्या पिस्तुलांत हवेची टाकी असते, दांड्याची मेहनत नाही. मला ती मेहनत आवडते. निवृत्तीनंतर ते गावी आणलं आणि जनावरं विकून मोकळ्या झालेल्या गोठ्यात १० मीटर मोजून घेतले.

डोळे मात्र मोजून मिळेनात. आधी केलेला चष्मा वर लांबचा, खाली वाचायचा. वरून पाहिलं की कागद लख्ख आणि माशी गायब. माशी शोधायला हनुवटी उचलली की मान आखडायची. शेवटी डोळ्यापासून माशीपर्यंत सुतळी धरली, पावणेतीन फुटांवर गाठ मारली आणि सुतळी खिशात घालून परभणीला दुसऱ्या चष्मेवाल्याकडे गेलो. तो हसला, पण गाठीवर बोट ठेवून एकेक काच लावून बघत बसला. लांबच्या नंबरावर पाऊण नंबर वाढवला तेव्हा गाठीचे धागे वेगळे दिसले.

स्वीडनच्या राग्नार स्कानोकरनं १९७२ मध्ये पिस्तुलात ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि १९९२ मध्ये, ५८ व्या वर्षी, कांस्य. त्याच्या चष्म्यात कोणती काच होती, हे मला पदकांपेक्षा जास्त जाणून घ्यायचंय.

आता माशी कोरल्यासारखी दिसते, मागे कागद नुसता करडा डाग. दांडा उघडा ठेवून पिस्तूल खाली ठेवलं की माझ्या मागे थांबलेला नातू कागद आणायला पळतो.

"आबा, नऊ! कडेला दहा!"

काल त्यानं माझा चष्मा नाकावर चढवला आणि भिंतीकडे बघत राहिला.

"यातून तर काहीच दिसत नाही."

मी चष्मा मागून घेतला आणि पुढचा छर्रा भरला.