अम्मींचं माहेर आणि आमची जुनी ओम्नी

कराडहून दाभोळ तसं फार लांब नाही. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, मग गुहागरच्या रस्त्याने धोपाव्याची जेट्टी. खाडी ओलांडली की अम्मींचं माहेर. तरी सासूबाई सहा वर्षं तिकडे फिरकल्या नव्हत्या. विचारलं की गुडघ्यांचं निमित्त सांगायच्या. खरं कारण आमच्या थोरलीने शोधून काढलं. बाहेरगावी जायचं ठरलं की दादी आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणंच बंद करते! रस्त्यात बायकांना जायची सोय कुठे असते, आणि असली तर आत पाय ठेवायची हिंमत होत नाही. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे आडोसाही उपयोगाचा नाही.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आमची जुनी ओम्नी हाती घेतली.

ओळखीच्या मेकॅनिकने आधी मोठीच स्वप्नं दाखवली. छप्पर कापून उंच करू, आत पलंग वेल्डिंग करू. आम्ही नको म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ बांधणीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. तेव्हा ठरवलं, गाडीला एकही भोक पाडायचं नाही. जे करायचं ते उचलून बाहेर काढता आलं पाहिजे.

सगळ्यात आधी पायरी. ओम्नीत चढताना अम्मींना एकदम पाय उचलावा लागायचा. निम्म्या उंचीचा लाकडी पाट ठोकून घेतला, खाली जुन्या टायरचं रबर लावलं. एवढ्या एका गोष्टीने अम्मींचा अर्धा नकार गळाला.

मग मागच्या जागेत 12 मिलिमीटर प्लायवूडची पेटी. प्लाय पाण्याला टिकणारं मरीन घेतलं, थोडं महाग पडलं पण वुजूचं पाणी सांडणारच होतं. पेटीत चूल-भांडी, जानमाज, घडीची खुर्ची. कोयनानगरपर्यंत चाचणी घ्यायला गेलो तेव्हा ह्यांनी म्हशीसाठी ब्रेक मारला आणि पेटी धाडकन सीटच्या पाठीवर आदळली. सीटवर मुलगी बसली होती. लागलं नाही, अल्हमदुलिल्लाह, पण चूक आमचीच. वजनाची वस्तू गाडीत मोकळी ठेवायचीच नसते. ट्रकवाले वापरतात तो घट्ट आवळायचा पट्टा आणून पेटी सीटच्या लोखंडी पायांना बांधली. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, तोही तळाशी बांधला.

कॅनच्या नळाचीही गंमत झाली. पहिला नळ इतका सुसाट होता की एका वुजूत कॅन निम्मा रिकामा. रसूलुल्लाह (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) एका मुद्दात, म्हणजे पाऊण ते एक लिटर पाण्यात वुजू करत, हे आम्ही मुलांना शिकवतो आणि स्वतः बादलीभर पाणी ओततो. बारीक धारेचा नळ बसवला. आता सगळं घर एका कॅनमध्ये दोन वक्तांची वुजू करतं.

खरी कसोटी आडोशाची होती. ओम्नीचा मागचा दरवाजा वर उघडतो, छपरासारखा. त्याच्या कडेने तीन बाजूंनी खाली सुटणारा पडदा शिवला. आत औषधांच्या दुकानात मिळते ती कमोड खुर्ची, खाली झाकणाची बादली आणि सुताराकडचा भुसा. संध्याकाळी अंगणात लावून पाहिलं, तर आतल्या दिव्याने सावली स्वच्छ बाहेर दिसत होती! मुलीनेच दाखवलं. पडदा पुन्हा उसवला, आतून जाड काळं अस्तर लावलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या दुमडीत वाळू भरली. धावत्या गाडीत मात्र काचा मोकळ्याच. काळ्या फिल्मला बंदी आहेच, शिवाय अम्मींना बाहेर बघायचं असतं.

जूनच्या पावसाआधी निघालो. सवारीची दुआ झाली, आणि पाटण मागे पडायच्या आत अम्मींनी स्वतःहून पाणी मागितलं. ह्यांनी आरशातून आमच्याकडे पाहिलं, कुणी काही बोललं नाही.

चिपळूणच्या पुढे जुहरसाठी थांबलो. फोनवरचा किब्ला गाडीला टेकून पाहिला तर भलतीकडेच दाखवत होता. लोखंडामुळे होकायंत्र बहकतं. दहा पावलं लांब गेल्यावर सुई पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे स्थिरावली. आम्ही हनफी, आम्ही कसरच्या दोन रकात पढून असरला पुन्हा थांबणार. अम्मी कोकणच्या, शाफई. त्यांनी खुर्चीवर बसून जुहर-असर एकत्र केली आणि आम्हाला चिडवलं, "तुमच्यामुळे माझं माहेर तासभर लांब जातं."

धोपाव्याला गाडी जंगल जेट्टीवर चढवली. अम्मींनी सरकता दरवाजा उघडायला लावला. खारा वारा आत आला आणि वाशिष्ठीच्या पलीकडे दाभोळ दिसू लागलं. तिथली शाही मशीद किनाऱ्याजवळच आहे, विजापूरच्या धाटणीची. अम्मींच्या नानी सांगायच्या ती गोष्ट त्यांनी नातीला सांगितली. विजापूरची शहजादी आयशाबीबी हजला निघाली, दाभोळपर्यंत आली, पण समुद्र धोक्याचा म्हणून पुढे जाऊ शकली नाही. सोबतचा पैसा तिने मशिदीला लावला. "दादी, तिच्याजवळ तर सगळं होतं ना?" नातीने विचारलं. अम्मी म्हणाल्या, "होतं. वाट नव्हती."

माहेरी दोन दिवसांचे चार झाले. पाट, पडदा, खुर्ची पाहायला मोहल्ल्यातल्या बायका येऊन गेल्या. एकीने तर पडद्याचं माप दोऱ्याने घेतलं.

परतताना घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो. अम्मींनी आधी तांब्याभर पाणी घेतलं, मग चहा. चहा संपल्यावर कप पुढे केला. "आणखी अर्धा असेल तर घाल गं."