हिरवा की काळा

वडिलांचे वर्षश्राद्ध झाल्यावर, २००६ साली, धाकट्या मुलाने नारायण पेठेतल्या वाड्याच्या जिन्याखालची सायकल उजेडात आणली. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याची ती सायकल. मागच्या तीन गतींच्या हबवर ५१ हा आकडा कोरलेला होता. अर्थात त्यावरून वय ठरते ते हबचे, सांगाड्याचे नव्हे. चाके बदलली जातात.

ती पुन्हा मूळ रूपात आणावी असे त्याच्या मनात होते. पण मूळ रंग कोणता? काळा, असे थोरला भाऊ म्हणे, आणि १९६० साली जन्मलेला तो तिच्यावरच सायकल शिकला होता. आई मात्र हिरवा म्हणे. १९५८ साली लग्न होऊन आल्यावर ती याच सायकलीच्या कॅरिअरवर बसून पर्वतीपर्यंत गेली होती.

जुन्या सायकलीच्या दर्शनी अंगावर विश्वास ठेवू नये. ऊन, तेल आणि घरचा ब्रश यांनी ते पालटलेले असते. कारखान्याचा रंग शोधावा लागतो तो झाकल्या जागी: सीटच्या दांड्याच्या पट्ट्याखाली, ब्रेकच्या चापांखाली, पुढच्या बिल्ल्यामागे. मुलाने बगळ्याच्या मुखाचा तो पितळी बिल्ला जपून उतरवला. मागे गर्द हिरवा रंग होता, जवळजवळ काळाच वाटावा इतका गर्द. भट्टीत भाजलेल्या एनॅमलचा, काचेसारखा घट्ट.

तेवढ्याने निकाल लागत नाही. वरचे रोगण पिवळे पडले की निळाही हिरवा दिसू लागतो. आणि तेलयुक्त रंग उजेडाअभावीही पिवळा पडतो, म्हणजे झाकली जागादेखील फसवू शकते. म्हणून त्याने ती जागा काही दिवस उन्हात उघडी ठेवली. तसा पिवळेपणा उजेडात उतरतो. हिरवा हिरवाच राहिला.

मग भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने त्याने आडव्या दांडीवर रुपयाएवढी जागा हळूहळू घासली. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर उघडले. वर ब्रशने दिलेला काळा ऑइलपेंट, तळाशी कारखान्याचा हिरवा; आणि या दोहोंच्या मध्ये गंजाची तांबूस रेघ, तिच्यात कुठे कुठे वाळलेल्या गाळाचे करडे कण.

आईला दाखवल्यावर ती बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा थोरल्याला कडेवर घेऊन ती दोघे वरच्या आळीत पळाली होती. पाणी ओसरल्यावर वाड्याच्या चौकात चिखलातून सायकलीचे केवळ हँडल वर आलेले दिसले. भांडीकुंडी गेली होती, धान्य गेले होते. वडिलांनी सायकल धुतली, खरवडली आणि कुणाकडून तरी मागून आणलेल्या डब्यातला काळा रंग स्वतः फासला. सोमवारी त्यांना कामावर जायचे होते.

म्हणजे आई चुकली नव्हती, भाऊही नव्हता. हिरव्या रंगाचा डबा मुलाने महिनाभर आधीच आणून ठेवला होता. काळ्या थरात ब्रशचे केस जिथे अडकून राहिले होते, तिथे त्याने एकदा बोट फिरवले. डबा तसाच बंद राहिला. बिल्ला पुन्हा जागेवर बसला, छर्ऱ्यांना नवे ग्रीस मिळाले. घासलेल्या जागेवर त्याने फक्त मेण चोळले.

भावाला तो ठिपका आवडला नाही. सायकल अजून तशीच आहे.