नागपूरचे ऊन आणि लाखाचे कानातले

नागपूरला निघालेल्या माणसाला तीन गोष्टींविषयी सूचना मिळतात: उन्हाविषयी, सावजीच्या रश्श्याविषयी आणि संत्र्यांविषयी. तेथील आवाजाविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. वास्तविक मे महिन्यातले नागपूर हे ऐकण्याचे शहर आहे. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर पाहण्यासारखे काही नसतेच. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो, माणसे दारे लावून घरात बसतात आणि प्रत्येक खिडकीत एक कूलर घुमत असतो. मुंबईकराला समुद्राची गाज जशी ऐकू येऊनही ऐकू येत नाही, तशी नागपूरकराला ही घरघर. पाहुण्याला मात्र पहिले दोन दिवस वाटते, की आपण घरात नसून आगगाडीच्या डब्यात आहोत.

आमचे मावसबंधू धरमपेठेत राहतात. त्यांच्याकडे गेलो होतो एका मुंजीसाठी; पण मुंजीपेक्षा त्या घरात एका वेगळ्याच विषयाची चर्चा चालू होती. दारातच वहिनी म्हणाल्या,

"भाऊजी, तुम्हीच समजवा आता याला. एक लाखाचे कानातले घेतो म्हणून राहिला!"

सोन्याचे भाव पाहता लाखाचे कानातले ही बाब काही अशक्य नव्हे. पण पुतण्याच्या लग्नाची बोलणी तर कोठे ऐकली नव्हती. मग उलगडा झाला. पुतण्या येथल्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांतून कीबोर्ड वाजवतो. त्याला हवी होती ती कानात बसवायची यंत्रे. त्यांना इन-इअर मॉनिटर म्हणतात. रंगमंचावर मोठमोठे ध्वनिक्षेपक गर्जत असताना स्वतःचे आणि साथीदारांचे वाजवणे नीट ऐकू यावे, यासाठी कलावंत ती कानात घालतात. हल्ली नुसती गाणी ऐकणारे शौकीनही ती घेतात. एका चांगल्या जोडीची किंमत लाखाच्या वर सहज जाते. बहुतेक तरुण ही वस्तू घरबसल्या मागवतात, म्हणजे लाख रुपये आधी आणि कानाला लावणे नंतर! आमचा पुतण्या थोडा शहाणा. त्याने मित्रांकडून तीन निरनिराळ्या जोड्या चार दिवसांसाठी मागून आणल्या होत्या. परीक्षकमंडळात माझी नेमणूक मी घरात पाऊल टाकताच झाली.

या वस्तूचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत मीड किलियन या श्रवणशास्त्रज्ञाने १९८३ साली एटिमोटिक रिसर्च नावाची संस्था काढली. तिचा कानाच्या नळीत खोल बसणारा ईआर-४ हा श्रवणक १९९१ साली आला. पुढे १९९५ साली जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या वाद्यवृंदातील ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या मापाचे मॉनिटर तयार केले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली.

नागपूरच्या माणसाला यातली गंमत अधिक कळावी. येथे आकाशवाणीचे केंद्र १९४८ सालचे. पुढे १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तीही नागपूरच्या एक मेगावॉट शक्तीच्या प्रक्षेपकावरून. ती वाहिनी आता बंद झाली आहे. पण आमचे दादा रात्री उशिरापर्यंत ती ऐकत बसत, हे मला चांगले आठवते. साऱ्या देशाच्या कानी पडायला एक मेगावॉट लागत असे. पुतण्याच्या हातातल्या यंत्राला कान भरून टाकायला एक मिलिवॉट पुष्कळ होतो. म्हणजे एक अब्जांश! एवढीशी शक्ती पुरते, कारण ध्वनीला घरभर पसरायचे नसते. कानाच्या अडीच सेंटिमीटर लांबीच्या बोळात शिरायचे असते.

परीक्षा दुपारी दोन वाजता, कूलर चालू ठेवून, सुरू झाली. गाणे कोणते लावावे यावर मतभेद होण्याचे कारणच नव्हते. डॉ. वसंतराव देशपांडे यांचे बालपण नागपुरात गेले, शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे गाण्याचे शिक्षण झाले आणि सिव्हिल लाइन्समधले मोठे सभागृह आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तेव्हा वसंतरावांचा आवाज, मागे तंबोरा आणि साथीला तबला. यंत्राचा कस लावायला याहून चांगली कसोटी नाही. डग्ग्याचा घुमारा म्हणजे खालचे स्वर, चाटीवरचा ठोका म्हणजे वरचे, आणि तंबोऱ्याची जवारी म्हणजे या दोहोंमधली सारी नाजूक गुंतवळ.

जोड्यांची नावे मी सांगत नाही. एकाच्या कानाला बोचते ते दुसऱ्याला मऊ लागते; नावे सांगून उगाच कोणाच्या घरात भांडण लावून द्यायचे नाही.

पहिल्या जोडीत तुरीच्या दाण्याएवढे एकच यंत्र होते. त्याला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. दोन चुंबकांच्या मधोमध तोललेली लोखंडाची बारीक पट्टी, तिच्याभोवती तारेचे वेटोळे. वीज खेळली की पट्टी हलते आणि तिला जोडलेला पडदा हालवते. बाहेर रबराच्या तीन टोप्या, एकीवर एक, लहानाहून मोठ्या. ती कानात घालताच कूलर जणू शेजाऱ्यांनी उचलून नेला! जवारीचे पदर मोजून घ्यावेत, शब्दाचा काना-मात्रा टिपावा, असा स्वच्छ आवाज. डग्गा मात्र जरा भिडस्त. दारात उभा राहून आत येऊ का विचारणारा. आणि अर्ध्या तासाने कानात कोणी कापसाचा बोळा विसरले आहे अशी जाणीव होऊ लागली.

दुसरी जोडी धातूची, बोराच्या बीएवढी. तिच्यात नेहमीच्या ध्वनिक्षेपकाचीच चिमुकली आवृत्ती होती: पडदा, त्याला चिकटलेले तारेचे वेटोळे, मागे चुंबक. डग्गा ऐकावा तर हिच्यात! गवयाने घेतलेला श्वासदेखील ऊबदार वाटावा. वजन इतके हलके की तासाभराने मी चष्मा शोधतो तसा ती शोधू लागलो. पण अशा पडद्याला मागेपुढे हालायला हवा लागते, म्हणून कवचाला बारीक छिद्र असते. शिवाय ती कानात खोल जात नव्हती. कूलरने या गाण्याला तानपुऱ्याची साथ केली म्हणा ना.

तिसरी जोडी लाखाची. प्रत्येक कानात ती तुरीच्या दाण्यासारखी चार यंत्रे. एक खालच्या स्वरांचे, एक वरच्यांचे, दोन मधल्यांचे. बैठकीत यजमानाने प्रत्येकाला जागा नेमून द्यावी तसा गवई मध्ये, तबला डावीकडे, पेटी उजवीकडे, तंबोरा मागे. खरोखर वा म्हणावे असे. पण चार यंत्रांना घर मोठे लागते. चाळीस मिनिटांत माझ्या कानाची पाळ ठणकू लागली, आणि वहिनींच्या लहान कानात तर ती ठरेचना. घामाने निसटून दोनदा मांडीवर पडली.

"लाखाचं असून फिरकी नाही का जी याला?" वहिनींनी विचारले. प्रश्न अगदी मर्माचा होता.

कानातला डौल आणि कानातला स्वर या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी मेट्रोत कळले. नागपूरची मेट्रो २०१९ साली सुरू झाली. आम्ही शंकरनगर चौकात बसलो, बर्डीला गाडी बदलली आणि वर्धा रोडवरून खापरीपर्यंत जाऊन आलो. त्या रस्त्यावर तीन किलोमीटरहून अधिक अंतर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी तिमजली वाहतूक आहे. मला खिडकीतून ते पाहायचे होते. पण परीक्षकाला सवड कोठली?

गाडीच्या खडखडाटात दुसऱ्या जोडीचा तो थोर डग्गा नाहीसा झाला. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही वरवर लावून राहिले. दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढा, मग घाला." कानाची नळी सरळ नसते, जरा वळणाची असते, पाळ ओढली की ती सुधरते. तसे करून पाहिले. मग त्याने खिशातून फोमची एक टोपी काढली, बोटांत वळून वातीसारखी केली आणि माझ्या कानात धरून ठेवली. अर्ध्या मिनिटात ती फुगली, नळी बंद झाली, आणि बसल्या जागी डग्गा परत आला! कान आणि टोपी यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली, तरी खालचे स्वर तिच्यातून पळून जातात. माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा असल्याचा शोधही तेथेच लागला; डाव्याला मोठी टोपी घालावी लागली. काहीशे रुपयांच्या त्या टोप्यांनी जो फरक पाडला तो हजारांच्या हिशेबाने पडत नव्हता.

आणखी एक गोष्ट मी नजरेने टिपली. फोनच्या आवाजाला पंधरा पायऱ्या होत्या. टोपी सैल असताना पुतण्याचे बोट अकराव्या पायरीवर गेले होते. घट्ट बसताच तो आपोआप सहाव्यावर उतरला, आणि तरीही त्याला अधिक ऐकू येत होते.

परतताना तर्री-पोह्यांच्या गाडीवर थांबलो. चणे, झणझणीत तर्री आणि वर मूठभर चिवडा. यंत्र कानात असतानाच पहिला घास घेतला, तो डोक्यात टांगा दौडू लागला! कान बुजले की आपले चावणे, बोलणे, गिळणे सारे आतून घुमते. गाणाराला याचा फार त्रास होतो. स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्यासारखा वाटतो. म्हणून पुष्कळ कलावंत एका कानातले यंत्र काढून गळ्यावर लोंबते सोडतात. श्रोत्यांची दादही त्या कानाने मिळते. पुतण्याही तसेच करीत असे.

त्याचे मर्म धंतोलीत उमगले. धंतोली आणि रामदासपेठ म्हणजे नागपूरचे दवाखान्यांचे मोहल्ले. दादांना तेथे श्रवणयंत्राचा नवा साचा करून घ्यायचा होता. दादांनी तीस वर्षे एका गिरणीत मागखात्यावर देखरेख केली. गिरणी केव्हाच बंद पडली, पण ते म्हणतात, "माझ्या कानात अजून तिन्ही पाळ्या चालू आहेत." रात्रंदिवस त्यांना एक बारीक शीळ ऐकू येते. 'स', 'श', 'त' ही अक्षरे त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. "सात वाजता" म्हटले तर ते ओठांकडे पाहून अंदाज बांधतात.

तज्ज्ञ बाईंनी दिव्याने कान तपासला, आत दोरा बांधलेला फोमचा बारीक बोळा बसवला आणि सिरिंजमधून मऊ सिलिकोन भरले. पाचेक मिनिटांत ते घट्ट झाले आणि बाहेर आला तो दादांच्या कानाचा हुबेहूब ठसा. तो पाहून पुतण्याने विचारले, "माझ्या मॉनिटरसाठी असाच घेतात ना?" "असाच," बाई म्हणाल्या, "फक्त गाणाऱ्याचा घेताना तोंड उघडं ठेवायला सांगतो. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो." मग त्यांनी दादांचे जुने श्रवणयंत्र उघडून दाखवले. आत तोच तुरीचा दाणा होता!

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. बापाच्या कानातले यंत्र आणि मुलाच्या कानातले यंत्र एकाच जातीचे. एक गेलेले थोडे परत मिळवण्यासाठी, दुसरे असलेले उपभोगण्यासाठी.

बाईंनी मग जे सांगितले ते प्रत्येक घरात सांगण्यासारखे आहे. आपल्या अंतःकर्णात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलचा फक्त ४ तास. दिसायला दहाचा फरक, पण मुदत दहावा हिस्सा! आणि एक कान उघडा टाकणारा कलावंत काय करतो? उघड्या कानावर रंगमंचाचा गोंगाट आदळतो, त्यावर मात करायला तो दुसऱ्या कानातला आवाज चढवतो. म्हणजे दोन्ही कान पणाला लागतात.

"श्रोत्यांची दाद ऐकायची असेल," बाई पुतण्याला म्हणाल्या, "तर त्यांच्याकडे तोंड करून एक माइक ठेवा आणि तो थोडासा कानात घ्या. पण दोन्ही कान बंद ठेवा."

दादांना यातले किती ऐकू आले कोण जाणे. ते मुलाच्या गळ्यात लोंबणाऱ्या वायरीकडे पाहत होते. उठताना म्हणाले, "काहून रे, मला गिरणीत कोणी हे सांगितलं नाही. तुला सांगून राहिले, तर ऐक."

त्या दिवशी लाखाचा बेत बारगळला. पुतण्याने दुसऱ्या जातीची, मधल्या किमतीची जोडी घ्यायचे ठरवले आणि वाचलेल्या पैशांतून दोन्ही कानांचे साचे आणि तो जादा माइक. मला विचाराल तर तिन्ही जोड्यांत श्रेष्ठ कोणती, याचे उत्तर मी याच मापाने देईन: तुमच्या कानात जी तासभर न बोचता बसते, बाहेरचा गलबला बाहेरच ठेवते आणि त्यामुळे जी हळू वाजवली तरी पुरते, ती श्रेष्ठ. मग ती लाखाची असो वा पाच हजारांची. घरी कोणासाठी घेणार असाल तर निरनिराळ्या मापांच्या टोप्या आधी मागा, डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळ्या लावून पाहा, आणि पंखा किंवा कूलर चालू ठेवूनच परीक्षा करा.

निघण्याच्या आदल्या रात्री अंगणात खाटा टाकल्या होत्या. पुतण्याने फोमच्या टोप्या लावून दुसरी जोडी दादांच्या कानात हलकेच घातली आणि फोनमध्ये वरचे स्वर थोडे उचलून तंबोरा लावला. दादा बराच वेळ डोळे मिटून पडले होते. मग हात वर करून त्यांनी बोटांनी जवारीचा झणत्कार हवेत दाखवला. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, दहा वर्षांत यांनी तंबोरा ऐकला नव्हता हो."