झऱ्यांवरून गेलेली वाट

प्रवास म्हटला की आपल्याकडील वृद्ध मंडळींच्या दृष्टीपुढे काशी, रामेश्वर, बदरीकेदार हीच स्थळे उभी राहतात. परंतु गेल्या काही दशकांत आपल्या अनेक घरांतील मुले मेलबर्न, सिडनी, अ‍ॅडलेड इत्यादी नगरांत जाऊन स्थायिक झाल्यामुळे मातापित्यांच्या यात्रेस एक निराळी दिशा लाभली आहे. ती नगरे पाहून येणारे पुष्कळ. त्या खंडाच्या पोटात शिरणारे फार थोडे. सन २०२३ च्या सप्टेंबरअखेर तिकडील शाळांस सुटी लागली असता चिरंजीव, सूनबाई, दहा वर्षांचा नातू व आम्ही उभयता असे पाच जण एक चौचाकी दणकट मोटार भाड्याने घेऊन आठ दिवस त्या अंतर्भागात हिंडून आलो. त्यातील ऊडनाडाटा नामक वाटेची हकीकत वाचकांस सादर करीत आहो. ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी तरी ती अवश्य वाचावी.

अ‍ॅडलेडहून उत्तरेस सुमारे ७०० किलोमीटरांवर मॅरी हे गाव लागते. तेथून मार्ला या ठिकाणापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर कच्ची वाट गेली आहे, तीच ही. खडी, तांबडी माती व अखंड लाटांसारख्या खाचा. मोटार चालते म्हणण्यापेक्षा थरथरते म्हणणे योग्य. दोन्ही बाजूंस क्षितिजापर्यंत झाड नाही. अशा या निर्जल दिसणाऱ्या प्रदेशात वाट नेमकी येथूनच का निघाली, हा प्रश्न शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेल्या मनुष्यास सुचल्याखेरीज राहत नाही. आणि त्याचे उत्तर पायांखाली आहे.

ऑस्ट्रेलियाच्या भूपृष्ठाखाली सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे त्या खंडाच्या पंचमांशाहून अधिक विस्ताराचा जलाशय खडकांच्या थरांत कोंडलेला आहे. पूर्वेकडील डोंगरांवर पडलेला पाऊस त्यात मुरतो आणि वर्षाकाठी अवघे काही मीटर या मंदगतीने पश्चिमेस सरकत राहतो. जेथे वरचा थर भंगलेला असेल, तेथे तो झऱ्याच्या रूपाने वर येतो. येथे वर येणारे काही पाणी दहा लाख वर्षांपूर्वीच्या पावसाचे आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्या पाण्यातील क्षार साचून झऱ्याभोवती वारुळासारखी टेकाडे होतात. ब्लांच कप नामक अशा एका टेकाडावर आम्ही चढलो, तो माथ्यावर वाटीसारखे वाटोळे, काठोकाठ भरलेले तळे व भोवती हिरवे लव्हाळे! जवळच दुसऱ्या झऱ्यात तळची वाळू एकसारखी उकळी फुटल्याप्रमाणे वर येत असते. तेथील मूळचे लोक अरबाना. त्यांच्या कथेप्रमाणे एका पूर्वजाने मारलेल्या महासर्पाची ती तडफड होय. नातवाने ताबडतोब, "म्हणजे कालियाच की!" असा अभिप्राय दिला.

या झऱ्यांची मालिका हीच ती वाट. अरबाना व त्यांचे शेजारी हजारो वर्षे एका झऱ्यावरून दुसऱ्या झऱ्यावर जात. पुढे जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट नामक संशोधक १८५९ साली याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेस सरकला व १८६२ साली खंड ओलांडून उत्तर समुद्रास पोहोचला. त्याच्या मागावरून १८७२ साली तारायंत्राची तार गेली, तारेमागून आगगाडी आली व १८९१ साली ऊडनाडाटास पोहोचली. १९८० साली तो लोहमार्ग बंद झाला. आज त्याचे मोडके पूल व ओसाड स्थानके तेवढी मोटारीच्या खिडकीतून दिसतात. संशोधकाचा पुतळा होतो, तारेचा इतिहास लिहिला जातो. परंतु ज्यांच्या झऱ्यांवर हे सारे चालले, त्यांचा त्या भूमीवरील हक्क न्यायालयाने मान्य करावयास २०१२ साल उजाडावे लागले, हे आम्हांस फार खटकले.

आपल्याही प्रांताचा या वाटेशी एक संबंध आहे. १८६० साली व पुन्हा १८६६ च्या सुमारास कराचीहून उंट व उंटवाले तिकडे नेण्यात आले. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी कोणीही असो, तिकडे सर्वांस सरसकट 'अफगाण' म्हणत. तारेचे खांब, रुळांचे सामान, दूरच्या गुरचरणीवाल्यांचे पीठमीठ त्यांच्याच उंटांनी वाहिले. मॅरी येथे त्यांनी मातीची मशीद बांधली होती. तिची प्रतिकृती आम्ही पाहिली. मोटारी आल्यावर उंट मोकळे सोडले गेले व आज त्यांचे रानटी कळप त्या वाळवंटात फिरतात.

पहिला मुक्काम कावर्ड स्प्रिंग्ज येथे खजुरीच्या झाडांखाली झाला. तिकडे रानात निजण्याकरिता किरमिजाची एक वळकटी मिळते, तिला स्वॅग म्हणतात. आत गादी, वर जाड कापड, झाला बिछाना. सूनबाईंनी भाजणी व मेतकूट बरोबर घेतलेच होते. गॅसच्या शेगडीवर थालीपीठ लागल्यावर शेजारच्या तंबूतील गोरी मुले वासाने येऊन बसली, व दोन थालीपीठे अधिक करावी लागली. माशांचा उपद्रव मात्र वर्णनातीत आहे. तोंडावर जाळी घेतल्यावाचून बोलणेही कठीण.

तिसऱ्या दिवशी विल्यम क्रीक या अवघ्या मूठभर माणसांच्या वस्तीजवळून एअर सरोवराकडे वळलो. अरबाना भाषेत ते काटी थांडा. ही आडवाट साठेक किलोमीटरांची असून अधिकच निर्जन आहे. सरोवराचा तळ समुद्रसपाटीहून सुमारे १५ मीटर खाली, त्या खंडातील सर्वांत सखल स्थान. १९७४ साली ते जसे भरले तसे त्यापूर्वीच्या नोंदींत आढळत नाही. एरव्ही बहुतेक वर्षे तेथे मिठाचा पांढरा पापुद्रा पसरलेला असतो. मृगजळ हा शब्द आम्ही छत्तीस वर्षे वर्गात शिकविला. तो प्रत्यक्ष तेथे पाहिला. लाटा दिसतात, काठ दिसतो, आणि मनुष्य पुढे जाईल तसतसे ते पाणी मागे सरते.

याच आडवाटेच्या कडेस एक स्मारक आहे. १९९८ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाहून आलेल्या एका तरुण जोडप्याची मोटार सरोवरकाठी वाळूत रुतली. तेथे पाण्याची टाकी होती. परंतु मदत येईना, म्हणून दोघे पायी निघाली. पुरुष काही अंतरावरून मोटारीकडे परतला व वाचला. ती तरुणी चालत राहिली, आणि सुमारे तीस किलोमीटरांवर उन्हाने तिचा अंत झाला. आम्ही तेथे क्षणभर उतरलो होतो.

त्यानंतर तासाभरात आमचे एक चाक फुटले. जादा चाक बसविले. दहा किलोमीटरांवर तेही गेले. दुसरे जादा चाक टपावरून उतरविले, तो त्याची भोकेच जुळेनात! ज्या दुकानाने मोटार भाड्याने दिली, त्याने ते निराळ्याच गाडीचे बांधून दिले होते. भ्रमणध्वनी तेथे निरुपयोगी. मोटारीतील बिनतारी यंत्राचा पल्ला काही किलोमीटरांचा. हाक दिली, उत्तर नाही. पारा ३७ अंशांवर.

चिरंजीव अडतीस वर्षांचे, धडधाकट. ते म्हणाले, "बाबा, मुख्य वाट पंचवीस किलोमीटर असेल. मी दोन बाटल्या घेऊन निघतो, रात्रीपर्यंत पोहोचेन." आम्ही काही बोलण्यापूर्वीच आमच्या मंडळींनी त्याचा दंड धरला. "सकाळी तो दगड पाहिलास ना? तू गाडी सोडलीस तर मीही तुझ्यामागून निघेन. मग ने मला खांद्यावर." चिरंजीव खाली बसले.

आम्ही मोटारीस ताडपत्री बांधून सावली केली व पाणी मोजले. ६० लिटर भरले. दर माणशी दिवसाला पाच लिटर धरले तरी दोन दिवसांस ओढ नव्हती. अमरकोशात पाण्याच्या नावांमध्ये जीवन, अमृत, भुवन व वन हे शब्द दिले आहेत. पाठ करताना मुले विचारीत, वन म्हणजे पाणी कसे? त्या दुपारी त्या यादीवर शंका घेण्यास कोणी राजी नव्हते. उभी मोटार दुरून व विमानातून दिसते, चालता मनुष्य दिसत नाही. आणि चालताना जितका घाम जातो तितके पाणी कोणासही बरोबर नेता येत नाही, हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब आहे. तो आम्ही नातवाकडून पाटीऐवजी वाळूवर करविला. मग त्याला त्या प्रदेशातील 'हवेतील शाळे'ची गोष्ट सांगितली. शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या मुलांस १९५१ पासून अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून बिनतारी यंत्रावर धडे देत असत; शिक्षक एकीकडे, वर्ग सगळ्या वाळवंटभर.

साडेचार तासांनी धुळीचा लोट दिसला. सत्तरीच्या घरातील एक गोरे दांपत्य होते. निवृत्त होऊन वर्षभर देशाटन करणाऱ्यांपैकी. त्यांच्याजवळ उपग्रहाचा दूरध्वनी होता. त्यांनी विल्यम क्रीकला कळविले, आमच्यासमवेत चहा घेतला, आणि चाक येईपर्यंत जाण्याचे नाकारले. दिवस मावळता मावळता चाक आले. परंतु रात्री कांगारू व गुरे वाटेवर येतात, सबब कोणीही तेथे रात्री मोटार हाकीत नाही. दोन्ही कुटुंबे तेथेच निजली. नैर्ऋत्येस त्रिशंकू खाली झुकला होता, आणि साडेनऊच्या पुढे आग्नेयेकडून अगस्त्य वर आला. समुद्र प्यालेल्या ऋषीचा तारा त्या आटलेल्या समुद्रावर उगवताना आम्ही मंडळींस दाखविला. त्या म्हणाल्या, "प्यायले ते प्यायले, थोडे परत द्यायचे होते," आणि कूस वळवून झोपी गेल्या.

सकाळी सरोवराच्या काठापर्यंत गेलो. तळावर कोणी पाऊल टाकू नये अशी अरबानांची इच्छा आहे, म्हणून काठावरूनच पाहिले व परतलो. मार्ल्यास डांबरी सडक लागताच चिरंजीवांनी पहिल्याने दुकानात जाऊन दोन नवी चाके घेतली, आणि भोके स्वतः मोजून पाहिली.