धार हवी, नेम नको

१५ मार्च २०२५, शनिवार, नाशिक
रंगपंचमी चार दिवसांवर आली. बाजारात पिचकाऱ्यांचे ढीग लागलेत, पण बहुतेक बंदुकीच्याच घाटाच्या: लांब नळी, घोडा, पाठीवर टाकी. आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी यंदा त्या आणायच्या नाहीत, असं शेजारच्या वहिनींनी आणि मी ठरवलं. बंदूक हातात आली की खेळ एकच उरतो, समोरच्याला टिपण्याचा. नेम तोंडावर धरला जातो, डोळ्यांत पाणी जातं, लहानगी रडत घरी पळतात. पाण्यात खेळायला कुणी शत्रू कशाला लागतो?

१६ मार्च, रविवार
टोपल्या विणणाऱ्या मावशींकडून बांबूचे तुकडे आणले. एका टोकाची गाठ शाबूत ठेवायची आणि तिला बारीक भोक पाडायचं. काठीच्या टोकाला चिंधी घट्ट गुंडाळली की दट्ट्या तयार. चिंधी भिजून फुगते आणि नळीत चपखल बसते. दट्ट्या मागे ओढला की आतला दाब कमी होतो, बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. पुढे रेटला की पाणी दबत नाही, भोकातून धार सुटते. हे मी सांगण्याआधीच वरच्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीनं ओळखलं. मग पैज लागली ती धार किती उंच जाते याची. सगळ्यांची तोंडं आभाळाकडे!

१८ मार्च, मंगळवार
पळसाची फुलं काल रात्री गरम पाण्यात भिजत घातली होती. सकाळी पाणी केशरी झालं. दुपारी भांडी घासायचे नवे स्पंज लांब पट्ट्यांत कापले आणि पट्ट्यांचा जुडगा मधोमध दोऱ्यानं आवळला. झाले चेंडू. पाणी शोषतात, अंगावर लागले तरी दुखत नाहीत, पिळून पुन्हा वापरता येतात. फुग्यांचं तसं नाही. फुटलेल्या रबराचे तुकडे अंगणभर राहतात आणि रांगती बाळं ते तोंडात घालतात.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी
गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडल्या. वर्षभर झाकलेल्या या हौदांत आज रंग कालवतात आणि माणसं त्यांत धप्पा मारतात. तिथे कुणाच्याही हाती हत्यार नसतं, सगळे एकाच पाण्यात भिजतात. आमच्या अंगणात ओल्या चेंडूंनी लगोरी रंगली. मग भोकं पाडलेल्या डब्यांतून पाणी नेऊन घंगाळ भरायची शर्यत. भोकांवर बोटं कमी पडतात, म्हणून एका डब्याला दोघं लागतात. काल भांडलेली दोन भावंडं एकाच डब्याला चिकटून धावत होती. प्रत्येक गटाला एकच बादली दिली होती, त्यामुळे पाणी जपण्याचीही चुरस लागली.

२३ मार्च, रविवार
प्लास्टिकच्या बाटलीला एकाखाली एक तीन भोकं पाडली आणि ती स्टुलावर ठेवली. सर्वांत खालची धार सर्वांत जोरात सुटली. “खाली जास्त पाण्याचा भार आहे,” एक छोटा म्हणाला.
ती धार पाहून बाजारातल्या टाकीवाल्या बंदुका आठवल्या. त्यांचा मूळपुरुष ‘सुपर सोकर’. त्याचे जनक लॉनी जॉन्सन हे अमेरिकी अभियंते. १९८२ मध्ये ते पाण्यावर चालणाऱ्या उष्णता पंपाचा प्रयोग घरी करत होते. न्हाणीघरात नळीतून जोरदार धार उडाली आणि त्यांना खेळणं सुचलं. १९९० मध्ये ते बाजारात आलं. म्हणजे त्याही खेळण्याच्या मुळाशी होतं ते धारेचं कुतूहल. मुलांना द्यायचं ते हे कुतूहल.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा
उन्हाळी सुट्टीसाठी जिन्याखाली एक पेटी ठेवली: बांबूच्या पिचकाऱ्या, स्पंजचे चेंडू, नरसाळी, रबरी नळ्या, भोकांचे डबे. सोसायटीच्या बैठकीत आज दोन गोष्टी मंजूर करून घेतल्या. खेळ कढीपत्ता आणि जास्वंदीच्या आळ्यांपाशीच होईल, म्हणजे सांडलेलं पाणी झाडांना मिळेल. आणि पेटीची किल्ली मुलांकडेच राहील.