गडावर वस्तीला

आपल्या किल्ल्यांचा इतिहास बराचसा रात्री घडलेला आहे, आणि आपण तो बघायला जातो सकाळी दहा ते दुपारी चार. पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निसटले ती १६६०च्या आषाढातली पावसाची रात्र. पुढे १६७३ साली कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी तोच पन्हाळा परत घेतला, तोही रात्रीच. तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चढले ती माघ वद्य नवमी, ४ फेब्रुवारी १६७०. नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, तोवर सगळा कडा काळोखातच असणार. आपण त्याच कड्याशी भर उन्हात टोपी घालून उभे राहतो, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "इथून चढले? शक्यच नाही!" रात्री तिथं उभं राहिलं तर हा वाद निघतच नाही. कडा दिसतो कुठं वाद घालायला?

गड कळायचा असेल तर एकदा तरी तिथं वस्तीला राहावं, हे माझं जुनं मत आहे. आणि वस्तीला म्हणजे देवळात किंवा गुहेत, जमिनीवर अंथरूण टाकून. हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत थंडीनं दात वाजत असताना, किंवा राजगडावर पद्मावतीच्या देवळात.

राजगडावर पूर्वी तसं राहता यायचं. गुंजवण्याकडून चोरदरवाज्यानं वर आलं की पद्मावती तळं लागतं, आणि तळ्याच्या वरच्या अंगाला देऊळ. सुट्टीच्या दिवशी दुपारी माचीवर जत्रा असायची. पाच वाजले की उतरणाऱ्यांची घाई सुरू. कुणाची एसटी, कुणाची गाडी, कुणाचा गुडघा. ताक विकणाऱ्या मावशी किटल्या पालथ्या घालता घालता मागे रेंगाळणाऱ्यांकडे बघून विचारायच्या, "वस्तीला हाय का?" हो म्हटलं की लगेच हिशेब मांडला जायचा. माणसं किती, भाकरी किती, पिठलं तिखट चालेल ना. भाकरी थापताना त्यांच्याशी बोलत बसलं म्हणजे कळायचं की पीठ, बेसन, तेल, कांदे, सगळं त्यांनी सकाळी डोक्यावर घेऊन खालून आणलेलं आहे. पिठल्यातली एकेक मिरची गुंजवण्याची चढण चढून आलेली. हे एरवी ध्यानात येत नाही, कारण दिवसभर आपण तटबंदीकडे माना वर करून बघत असतो. गड चालवायचा म्हणजे रोज खालून वर काहीतरी चढवत राहायचं, हे ताटात भाकरी पडल्यावर उमगतं.

अंधार पडायच्या आत पाणी भरून ठेवायचं, हा दुसरा धडा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर मोठं प्रकरण आहे. त्यात ते सांगतात की किल्ला बांधण्याआधी तिथं पाणी आहे का ते बघावं, आणि गडावर झरा असला तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, टाकी-तळी बांधून जास्तीचं पाणी साठवावं. कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात आणि पाणी एरवीपेक्षा जास्त लागतं. पुस्तकात हे वाचताना दूरदृष्टी, मुत्सद्देगिरी असले शब्द सुचतात. पण टाक्याच्या काठावर पालथं पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून, शेवाळं बाजूला सारत दुसरी बाटली भरताना एवढंच वाटतं, की पंतांना कधीतरी गडावर चांगलीच तहान लागली असावी.

देवळात निजायच्या जागेचंही शास्त्र होतं. नवखे भिंतीकडेची जागा धरायचे. पाठ टेकते, बरं वाटतं. जुने लोक मात्र सरळ मधोमध पथारी पसरायचे, कारण उंदीर भिंतीच्या कडेकडेनं फिरतात. खाण्याची पिशवी उंच टांगून ठेवली तरी मध्यरात्री कुरतडल्याचा आवाज यायचाच. कुणीतरी हेडटॉर्च लावायचं. उंदीर थांबायचा, उजेडाकडे जरा बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. गेल्या साडेतीनशे वर्षांत राजगडाचे धनी किती बदलले. शिबंदी मात्र हीच टिकून असावी.

देवळासमोर सईबाईंची समाधी आहे. ५ सप्टेंबर १६५९ला त्या गेल्या. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे, आणि अफजलखान स्वारीवर निघालेला. दिवसा लोक समाधीला नमस्कार करून पुढे जातात, रांगेत तेवढंच जमतं. रात्री तांब्या घेऊन बाहेर पडताना आपण तिच्या शेजारून दोन-तीनदा जायचो-यायचो, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या खोलीवरून जावं तसं पाऊल आपोआप हलकं पडायचं.

झोप लागली नाही तर माचीच्या उत्तर कडेला येऊन बसायचं. सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरवर सिंहगड, म्हणजेच कोंढाणा. रात्री तो ओळखायचा त्याच्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याच्या तांबड्या दिव्यांवरून. त्याच्या पलीकडे आभाळाला लागलेला पिवळट उजेड म्हणजे पुणं. हे दृश्य मला कधी सुंदर वाटलं नाही, पण त्यानं मला फार वेळ जागं ठेवलं आहे. कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीत बसून जी बखर लिहिली, तिच्यात कोंढाण्याचा प्रसंग आहे. गड हाती आल्यावर मावळ्यांनी पागेच्या खणांना आग लावली, आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. गड घेतला, फत्ते झाली, एवढं त्या उजेडातून कळलं. तानाजी पडले हे उजेडाला सांगता येत नाही. ती बातमी दुसऱ्या दिवशी जासूद घेऊन आला.

म्हणजे मधले काही तास राजगडावर निव्वळ आनंद होता. मला या प्रसंगातलं सगळ्यात जिवाला लागणारं हेच वाटतं. पोवाड्यांत ते येत नाही, कारण पोवाडा सिंहगडावर असतो. इकडे राजगडावर कुणी साखर वाटली असेल, कुणी आईसाहेबांना उठवायला धावलं असेल. पहाऱ्यावरचा एखादा, आपला भाऊ तिकडे गेलाय म्हणून, त्या ज्वाळेकडे नुसता बघत उभा राहिला असेल. आणखी एक गोष्ट. राजाराम महाराजांचा जन्म याच गडावरचा, २४ फेब्रुवारी १६७०चा. तो उजेड दिसला तेव्हा सोयराबाईंचे दिवस भरत आलेले होते. एका गडावर एका रात्री दोन बातम्यांची वाट बघणं चाललेलं, आणि दोन्हींकडे सुईणीपासून चौकीदारापर्यंत सगळ्यांचे कान लागलेले. हे बखरीत लिहिलेलं नाही, मी तारखा शेजारी शेजारी ठेवून म्हणतो आहे. पण या तारखा घरी टेबलावर शेजारी ठेवायचं मला सुचलं नव्हतं. माचीच्या कडेला थंडीत कुडकुडत बसल्यावर सुचलं.

अशी रात्र मात्र एखादीच. राजगड वीसहून अधिक वर्षं राजधानी होता. एवढ्या वर्षांतल्या बहुतेक रात्री इथं काहीही घडलेलं नाही. दरवाजे लागले, पहारे बदलले, एकानं दुसऱ्याला हाक दिली, दुसऱ्यानं ओ दिली, उजाडलं. संजीवनी माचीची ती दुहेरी तटबंदी बघून आपण थक्क होतो. पण तिच्या चिंचोळ्या बोळातून पावसाळ्यात, घोंगडं भिजून जड झालेलं, नाकासमोरचं दिसत नाही अशा धुक्यात कुणीतरी हयातभर फेऱ्या घातल्या, त्याचं नाव कुठंच नाही. त्याच्या आयुष्यात एकही शत्रू आला नाही म्हणून. पहारा चोख होता याचा याहून मोठा पुरावा तो काय!

शेजारच्या तोरण्यावरच्या मेंगाईच्या देवळात रात्री निजू नये, अशी एक गोष्ट ट्रेकर मंडळींत वर्षानुवर्षं फिरते. तिथं म्हणे ब्रह्मपिशाच आहे. गंमत अशी की ही गोष्ट रंगवून सांगणारा प्रत्येक जण स्वतः तिथं झोपून आलेला असतो.

जुन्या व्यवस्थेत गडावर कुणी रात्र काढायची, हा मौजेचा मामला नव्हता. दिवस मावळताना हवालदारानं जातीनं दरवाजे लावायचे, किल्ल्या स्वतःजवळ ठेवायच्या, सकाळी स्वतःच उघडायचे. विश्वासातला माणूस असला तरी त्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या नाहीत. आपल्याकडे गडावरच्या रात्रीची सर्वांत लाडकी कथा आहे तीही राहिलेल्या माणसाची नाही, न राहिलेल्या बाईची आहे. हिरकणी दूध घालायला रायगडावर आली, दरवाजे लागले, खाली घरी तान्हं लेकरू. पहारेकऱ्यांनी काही सोडलं नाही, तेव्हा ती कडा उतरून गेली. दंतकथा म्हणा हवं तर. पण त्या कथेत पहारेकऱ्यांना कुणी वाईट म्हणत नाही, हे मला फार आवडतं. त्यांनी नियम पाळला, तिनं लेकरू पाळलं, आणि महाराजांनी बुरूज बांधला.

अलीकडे राजगडावरच्या मुक्कामाला पुरातत्त्व खात्यानं मनाई केली. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. तटाला टेकून पेटवलेल्या चुली, प्लॅस्टिकचा खच, रात्रभर स्पीकर, आणि रिकाम्या बाटल्या, ज्या पाण्याच्या नसायच्या. माझ्या ओळखीचे पुष्कळ गडप्रेमी या मनाईवर संतापले. मला संतापता येत नाही, हळहळ मात्र वाटते. हवालदाराची किल्ली परत आली, एवढंच. संध्याकाळ झाली की आता आपणही खाली उतरायचं, आणि आपल्यासाठी दरवाजा निदान उघडा असतो.

याच्या बरोबर उलटा उपाय २०१९ साली निघाला होता. राज्यातले काही किल्ले भाडेपट्ट्यानं देऊन तिथं हेरिटेज हॉटेलं काढायची, अशी बातमी त्या सप्टेंबरात आली आणि महाराष्ट्र पेटून उठला. शिवरायांशी निगडित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला घाईघाईनं करावा लागला. राजस्थानात नीमराणाच्या पंधराव्या शतकातल्या गढीत लोक पैसे मोजून झोपतात, गोव्यात तेरेखोलच्या किल्ल्यातही हॉटेल चाललं, तिथं कुणाला काही खुपलं नाही. मग आपल्यालाच का? भावना दुखावतात, हे उत्तर खरं आहे पण अपुरं आहे. नीमराण्यात राजाचं शयनगृह आहे. तिथं गादीवर झोपून राजासारखं वाटून घेता येतं. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर वाड्यांची जोती तेवढी उरली आहेत, आणि खाली माचीवर होती ती शिबंदीची घरटी. इथं हॉटेल काढून पाहुण्याला वाटायला काय लावणार? पहारेकऱ्यासारखं? त्याला खोली नव्हती. शिवाय गादीवर झोपल्यावर पाण्याचा विचार नळाशी संपतो, आणि मिरची कुठून आली हे कुणी विचारत नाही. तेव्हा हॉटेलाला माझा विरोध आहे, पण मोर्च्यातल्या पुष्कळ घोषणा ऐकून मी थोडा बाजूलाच उभा राहीन. रविवारी कचरा करून आलेले आणि सोमवारी पावित्र्याबद्दल पोस्ट टाकणारे यांत माणसं फार वेगळी नसतात.

जुलै २०२५मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. राजगड त्यात आहे, सभासदाची जिंजीही आहे. नियम आता आणखी आवळले जातील आणि ते बरंच होईल. देवळाच्या फरशीवर झोपलेल्यांची आमची पिढी शेवटची ठरली तरी गडांचं काही बिघडत नाही.

वस्तीला जायचंच असेल तर मी हल्ली लोकांना राजमाचीला धाडतो. गोनीदांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी ज्या मुलखात घडते, तोच हा. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी, माचीवरच उधेवाडी हे गाव आहे. तिथली माणसं किल्ल्यावर मुक्काम करत नाहीत, ती किल्ल्यावर राहतात. शेती करतात, म्हशी पाळतात, पाहुणा आला तर ओसरीवर अंथरूण टाकून देतात. मे महिना सरता सरता काजवे निघाले की गावात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी पावसाळा संपल्यावर जातो. गेल्या खेपेला जेवणं आटोपल्यावर मी घरधन्याला विचारलं, "काका, आत्ता श्रीवर्धनवर जाऊन यावं का? चांदणं चांगलंय."

ते सुपारी कातरत होते. आधी माझ्या चपलांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"जा की. पन उद्या सकाळच्याला जा," ते म्हणाले. "राच्च्याला तितं काय दिसायचंय? आनि जाताना त्या वरच्या टाक्यापाशी आमची म्हस दिसली तर तेवढी हाकलून आना खाली. दोन दिस झालं, वरच हाय."