सहा इसा न् दोन

माझी माय शाळेची पायरी चढलेली नव्हती. आकडे लिहिता येत नसत तिला, पण मोजता सगळं यायचं. तिची मोजणी विसांची. साठ म्हणजे तीन इसा, पंच्याऐंशी म्हणजे चार इसा न् पाच. आमच्याकडच्या जुन्या बाया अशाच मोजायच्या. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला तर 'एक'सुद्धा म्हणत नसत. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन.

मला आणि धाकट्या बहिणीला बेरीज शिकवली ती या मायनंच. सामान काय, तर डबाभर चिंचोके आणि रिकाम्या काडेपेट्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती दुसऱ्याच्या रानात जायची. मजुरी किलोवर. संध्याकाळी काट्यावर जेवढा कापूस भरला, तो आकडा तोंडानं घोकत घरी यायची. हातपाय धुवायच्या आधी आम्हाला हाक.

"आज अठरा. काढा रे."

आम्ही अठरा चिंचोके मोजून जमिनीवर मांडायचो. काडेपेटीत दहा भरायचे आणि पेटी बंद करायची, हा नियम. म्हणजे एक पेटी, आठ सुटे. दुसऱ्या दिवशी बावीस भरले: दोन पेट्या, दोन सुटे. कालचे आठ आणि आजचे दोन मिळून आणखी एक पेटी झाली. ती कुणी बंद करायची यावरून आमची मारामारी. शेवटी चार पेट्या झाल्या, सुटं काहीच नाही.

"किती झाले?"

मी वर बघून अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायचो. माय म्हणायची, "आधी हाताला इचार, मंग तोंडाला." मग पेट्यांना बोट लावत दहा, वीस, तीस, चाळीस. "दोन इसा," ती मान डोलवायची. तिचा हिशेब न् आमचा हिशेब जुळला की चुलीत भाजलेले चार चिंचोके खायला मिळायचे.

एका आठवड्याची वेचणी मला अजून पाठ आहे: अठरा, बावीस, सतरा, पंचवीस, एकोणीस, एकवीस. बाजाराच्या दिवशी मजुरी वाटणाऱ्यानं वहीत बघून सांगितलं, "एकशे बारा किलो."

माय म्हणाली, "सहा इसा न् दोन होत्यात."

तो हसला. लिहिलेलं खोटं असतंय का, म्हणाला. मायनं बहिणीला घरी पिटाळलं. ती फ्रॉकच्या ओच्यात पेट्या घेऊन आली. मी तेव्हा पहिलीत होतो. त्याच्या ओट्यावर एकेक पेटी उघडून मी दहा-दहा चिंचोके ओतले. बारा पेट्या आणि दोन सुटे. बाकीच्या वेचणीवाल्या भोवती उभ्या. त्यानं पेन्सिल काढून पुन्हा बेरीज केली आणि काही न बोलता दहा किलोचे पैसे वाढवून दिले. दहा किलो म्हणजे मायची अर्ध्या दिवसाची वेचणी, वाकून वाकून कंबर धरायची ती. चूक होती की लबाडी, यावर ती कधी बोलली नाही. पुढच्या आठवड्यापासून मात्र आणखी दोघी बाया आमच्याकडं रिकाम्या काडेपेट्या मागायला आल्या.

दुसरीत गुरुजींनी फळ्यावर 'हातचा' शिकवला. पोरं डोक्यावर छोटा एक लिहायचं पाठ करत होती. मला तो एक दिसला तो बंद काडेपेटीसारखा. घरी येऊन ती जुनी बेरीज पाटीवर मांडली. सुट्यांचे बत्तीस होत होते, म्हणजे हातचे तीन. वहीत दोनच धरले गेले होते.

2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि राज्यभर वाद पेटला. 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो न् लिहिताना दोन, म्हणून पोरं गोंधळतात, असं एका बाजूचं म्हणणं. आपली भाषा मोडली, असं दुसऱ्या बाजूचं. टीव्हीवर ते चाललं होतं. मायला समजावून सांगितलं, तर ती भिंतीला टेकूनच म्हणाली, "ईस न् एक, ईस न् दोन. आम्ही दुसरं काय म्हणत होतो मंग?"